भूगोलाची पंगत

दहावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात प्रत्येक विषयाचं एक टेबल मांडलं जायचं, आणि टेबलामागे त्या त्या विषयाचा मास्तर गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचा. माझ्या टेबलावर पृथ्वीचा गोल असे. पोरं यायची, गोल गरागरा फिरवायची आणि शेजारच्या टेबलावर जाऊन समाजशास्त्राला नाव द्यायची. कितीतरी जून महिने मी असे गोल फिरताना बघण्यात काढले आहेत.

घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं कनिष्ठ महाविद्यालय होतं, म्हणजे अकरावी-बारावी. १९८१ साली मी तिथे भूगोल शिकवायला लागले. आमचं बिऱ्हाड अंकुशनगरला, कारखान्याच्या वसाहतीत. यजमान तिथे नोकरीला. रोज एसटीने जायचं आणि एसटी आली नाही तर कारखान्यावर ऊस उतरवून परत निघालेला ट्रॅक्टर असेल त्याला हात करायचा. कॉलेजात मला सगळे ‘भूगोलवाल्या मॅडम’ म्हणायचे. माझं नाव पगारपत्रक सोडून फारसं कुठे वापरात नव्हतंच.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. कला शाखेत मराठी-इंग्रजी सक्तीचे, बाकीचे विषय विद्यार्थ्याने निवडायचे. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, सहकार हे विषय गाईड पाठ करून निघतात अशी पोरांची समजूत आणि ती अगदीच खोटी नव्हती. भूगोलाची गोष्ट वेगळी. त्यात ढग येतात, खडक येतात, माती येते, बाजार येतो, माणसं का आणि कुठे वस्ती करतात ते येतं, आणि वर प्रात्यक्षिकाची परीक्षा येते. प्रात्यक्षिक म्हणजे नकाशे काढायचे, उन्हात हिंडायचं, वही पूर्ण करायची. शास्त्रवाल्यांना हा विषय कलेचा वाटे आणि कलावाल्यांना शास्त्राचा. स्टाफरूममध्येसुद्धा मला दोन्हीकडून पाहुण्यासारखं वागवत. चहा मिळायचा, पण खुर्ची शोधावी लागायची.

आणि विषय घ्यायला पुरेशी मुलं आली नाहीत तर सरकारी नियमाने तुकडी बंद. तुकडी बंद झाली की मास्तर तासिकेवर, आणि तासिका म्हणजे निम्मी नोकरी. त्यामुळे आम्ही सगळेच मास्तर जूनमध्ये बाजारात बसल्यासारखे बसायचो. शेजारच्या टेबलावर समाजशास्त्राचे वाघमारे सर. माणूस लाखाचा, पण जूनपुरता माझा वैरी. माझ्याकडे वळलेल्या पोराला ते नुसतं हळूच म्हणायचे, “घ्या घ्या, चांगला विषय आहे. चालायची सवय आहे ना?” तेवढ्याने काम भागायचं.

मला लागून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. निकालानंतरच्या आठवड्यात एक मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली. उंच, सावळी, दोन वेण्या वर बांधलेल्या. तिने गोलाला हात लावला नाही. शेजारी डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी टाकलेले वडील. जूनच्या उकाड्यात घोंगडी बघून मला कळलं की हा माणूस मेंढरांमागे फिरलेला आहे. सोपानदादा त्यांचं नाव. वाडवडिलांपासून मेंढरं, चार-सहा महिने कळप घेऊन गोदाकाठाला जायचं आणि पावसाळ्यात परत यायचं. आता थोडी जमीन झाली होती, कळप लहान झाला होता. मुलगी रुक्मिणी, शाळेत पहिली आलेली. मार्क बघून हेडमास्तर म्हणाले होते सायन्सला घाला, पण सायन्स जालन्याला, आणि तिथे मुलीला कुठे ठेवणार? म्हणून आमच्याकडे.

“मॅडम, ह्यात काय काय येतं?” तिने विचारलं.

मी पाठ केल्यासारखी यादी सांगितली. प्राकृतिक, मानवी, आर्थिक, प्रात्यक्षिक.

“तसं न्हाई,” ती म्हणाली. “आमचे बाबा दरसाली मेंढरं एकाच वाटेनं काहून नेतात, ते येतं का?”

“येतं.”

“मंग आमच्या हिरीला पाणी हाये आन् बांधापलीकडच्या हिरीला न्हाई, ते?”

“ते तर पहिल्याच धड्यांत.”

“बाजार कुंभार पिंपळगावलाच काहून भरतो?”

“तेही.”

तिने वडिलांकडे पाहिलं. सोपानदादांनी शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. “तिकडं काय हाये?” वाघमारे सर उठून काही बोलणार, तेवढ्यात रुक्मिणी म्हणाली, “बाबा, ह्या एकात समदंच हाये. मंग दुसरं कशापायी?” आणि तिने नाव दिलं. तिच्या मागोमाग तिच्या गावाकडच्या आणखी दोघींनी दिलं, कारण घरून एकत्र निघायचं तर तासही एकच हवा. त्या तीन नावांनी माझी तुकडी जेमतेम भरली. वाघमारे सर मला म्हणाले, “मॅडम, पेढे द्या.” मी दिले नाहीत. अजून वर्ष काढायचं होतं.

दिवाळीनंतर माझं एक काम ठरलेलं असे. पोरांना घेऊन एखाद्या गावाची पाहणी करायची. गावाचा नकाशा काढायचा, जमिनी, विहिरी, घरं, धंदे यांची माहिती घ्यायची. पुस्तकातली गंगा-यमुना पोरांना पाठ असते आणि गावचा ओढा कुठून येतो ते विचारलं की एकमेकांकडे बघतात, म्हणून मी यावर हट्ट धरायची. त्या वर्षी गाव निवडलं रुक्मिणीचं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. तिथून मला अजून दरसाल काही येत असतं, आणि ते बंद व्हायला नको.

आमची हत्यारं बघण्यासारखी होती. मोजणीची लोखंडी साखळी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दांडे, होकायंत्र, आणि तिपाईवर बसवलेली लाकडी फळी. फळीवर कागद लावायचा, पट्टीतून समोरच्या झाडावर नेम धरायचा आणि रेघ मारायची. अशा रेघांतून नकाशा उभा राहतो. मी डोक्याला पदर आणि वर हॅट, कारण ऊन सोसत नसे. सकाळी आम्ही गावाबाहेर तिपाई मांडली, साखळी ओढली, जागोजागी खुंट्या ठोकल्या आणि अर्ध्या तासात निम्मं गाव आमच्याभोवती गोळा झालं.

आता त्या भागातली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी तिथून मोठा कालवा गेला होता. कालव्यातून शेताकडे पाणी नेणाऱ्या लहान पाटाला चारी म्हणतात. चारी कुणाच्या शेताजवळून जाते आणि कुणाच्या शेतातून जाते यावर त्या गावांत भाऊबंदक्या झाल्या आहेत. जवळून गेली तर सोनं, मधून गेली तर जमीन जाते. आणि चारी येण्याआधी काय होतं? तिपाई येते, साखळी येते, खुंट्या येतात.

एक म्हातारे पुढे झाले. “बाई, चारी कुठून चालली?”

“चारी नाही हो, आजोबा. आम्ही कॉलेजातले. भूगोलाची मुलं आहेत.”

म्हातारे हसले आणि मागे वळून लोकांना म्हणाले, “मागल्या टायमालाबी सायेब असंच बोलल्ता. म्हने काही न्हाई, सहज बघून राह्यलो. आन् सालभरात कालवा.”

मग मी जितकं नाही म्हणावं तितकी त्यांची खात्री पटत गेली. आमचा इन्कार हाच त्यांना पुरावा. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला की खुंटी दोन हात डावीकडे घेता येईल का. दुसरा म्हणाला, तेवढं उजवीकडे घ्या, बाई, लेकराबाळांचं रान हाये. मी हॅट काढून दाखवली, पोरांच्या वह्या दाखवल्या, मुलींना पुढे करून कविता म्हणायला लावायचं तेवढं बाकी ठेवलं. रुक्मिणी घसा कोरडा करून सांगत होती, “काका, मी वळखीची न्हाई का? ही आमची बाई हाये, भूगोलाची!” काका म्हणाले, “तू बिलकुल बोलू नको, तुला सांगायची मनाई आसंल.”

दुपारी मारुतीच्या पाराजवळ आम्हाला जेवण आलं. साधं नव्हे, भज्यांसकट. मी नको म्हटलं, आमच्या डब्यांत भाकरी आहेत म्हटलं. पण ताटं मांडली गेली होती, पोरं भुकेजली होती, आणि वाढणाऱ्या बायकांना नाही कसं म्हणायचं? मी पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं की आम्ही कालव्याचे नाही. “व्हय व्हय, बाई, जेवा,” असं म्हणून त्यांनी पोळीवर तूप घातलं.

गावात दगडूआण्णा म्हणून एक गृहस्थ होते. आमच्या खुंट्यांची रांग त्यांच्या शेताच्या कडेने गेली होती. ते जेवणाला आले नाहीत, खुंट्यांजवळ उभं राहून विचार करत होते. पुढे कळलं की चारीत फळझाडं गेली तर नुकसानभरपाई चांगली मिळते, म्हणून आण्णांनी त्याच आठवड्यात कुठूनशी मोसंबीची कलमं आणली आणि आमच्या खुंट्यांच्या रेषेत हौसेने लावून टाकली.

पंधरवडा गेला. कुणीतरी कालव्याच्या ऑफिसात जाऊन चौकशी केली. तिथल्या लोकांनी सांगितलं, चारी-बिरी काही नाही, आम्ही माणसं पाठवलीच नाहीत. वर हसले म्हणे. तो हसण्याचा भाग गावाला फार लागला. आणि गाव चिडलं ते माझ्यावर नाही. मी लांबची, एसटीने जाणारी. गाव सोपानदादांवर घसरलं. तुझ्या पोरीनं सोंग आणलं, साहेबाचं ताट खाऊन गेली, गावाला येडं केलं. पाणवठ्यावर, बाजारात, पारावर तेच. सोपानदादांनी एके सकाळी रुक्मिणीला सांगितलं, आजपासून कॉलेज बंद. तिच्याबरोबरच्या दोघींच्या घरीही तेच ठरलं. एक थांबली की बाकीच्या आपोआप थांबतात, हे मुलींच्या बाबतीत मी पुढेही पुष्कळदा पाहिलं.

मला हे वर्गातल्या पोरांकडून कळलं. रुक्मिणीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाल्याचंही कानावर आलं होतं. ही मुलगी एकदा घरी बसली की परत येणार नाही. आणि दुसरीकडे, तिघी गेल्या की माझी तुकडी मोडणार, आणि तुकडीतली मुलं मोजणारी सरकारी तपासणी महिन्याभरावर आलेली. माझा विषय आणि तिचं शिक्षण, दोन्ही एकाच खुंटीला अडकलेलं.

वाघमारे सरांनी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे चहा सरकवला. “मॅडम, ती मुलगी माझ्याकडे द्या. समाजशास्त्राला रानात जावं लागत नाही. चार भिंतींत बसायचं, घरी जायचं. बापाला पटेल. प्राचार्यांशी मी बोलतो.” मग म्हणाले, “पण मग तुमचं...”

मला त्यांचं म्हणणं पटलं. आवडलं नाही, पण पटलं. त्या दिवशी संध्याकाळच्या आत आम्ही दोघं सरांच्या मोटारसायकलवर रुक्मिणीच्या घरी पोचलो.

सोपानदादा अंगणात मेंढरांची लोकर कातरत बसले होते. त्यांनी बाजेवर घोंगडी अंथरली, पाणी दिलं. रागाने बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघतही नव्हते. मी पाठ करून आणलेलं बोलून टाकलं. भूगोल सोडू द्या, समाजशास्त्र घेऊ द्या, हिंडणं नको, साखळी नको, काही नको, पण कॉलेज सोडवू नका.

दाराच्या आडून रुक्मिणी म्हणाली, “मला भूगोलच पायजे.”

“तू गप,” मी आणि सोपानदादा एकदमच म्हणालो. वाघमारे सर खाली बघून हसले.

सोपानदादांनी कातर खाली ठेवली. “सर, एक इचारतो. पोरगी तुमच्याकडं आली तं ह्या बाईंचं काय?”

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “मुलं कमी पडतात दादा. मॅडमचा विषय बंद पडेल.”

“आन् नोकरी?”

“नोकरीही जवळजवळ तशीच.”

“तरी सोडा म्हनून राह्यल्या?” त्यांनी मला विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “विषय बंद पडला तर पुन्हा सुरू करता येतो. ही घरी बसली तर मला काही करता येणार नाही.”

त्यांनी लोकरीतले दोन-चार काटे वेचले. मग बोलायला लागले ते असं, की मी चाळीस वेळा विचार केला असता तरी माझ्या डोक्यात आलं नसतं.

“बाई, मी जनम रानात काढला. माझी बायको मेंढरांमागं हिंडली, माय हिंडली. पोरीला रानात जाऊ नको, असं कोन्या तोंडानं म्हनू? हिंडायचा राग न्हाई मला. गाव काय म्हनून राह्यलं, ते बराबर ऐका. सायेबाचं म्हनून केलेलं अन्न तिनं खाल्लं, म्हनतात. हे बोलनं पोरीच्या मागं सासरलाबी जाईल. खाल्लेलं अन्न परत केलं का बोलनं सरतं. आमच्यात तशीच रीत हाये.”

“म्हणजे काय करायचं?”

“गाव जेवू घालायचं. तुमच्या समद्या पोरांनी आपल्या हातानं. त्या टायमाला गावानं वाढलं, आता तुम्ही वाढा.”

मी वाघमारे सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “ही तर समाजशास्त्राची पाहणी झाली,” आणि मी त्या परिस्थितीतही म्हणाले, “मुळीच नाही, भूगोलाची.”

वर्गात हे सांगितलं तर पोरांना विश्वासच बसेना की अभ्यासात असं काही असू शकतं. कुणी घरून पीठ आणलं, कुणी डाळ, कुणी वांगी, कुणी गहू. मी वसाहतीतून साखर नेली. जांबला रामनवमीच्या उत्सवात मोठा स्वयंपाक करणारे एक आचारी एका मुलाचे मामा निघाले. त्यांनी भांडी आणली आणि दिवसभर पोरांना शिव्या घालत गव्हाची खीर शिजवून घेतली. मुलींनी पोळ्या लाटल्या, आणि मुलांनीही लाटल्या. त्या पोळ्यांचे आकार बघून मी म्हटलं, नकाशाचा सराव इथे दिसतोय.

आता गाव जेवायला येईल का, हा प्रश्न होता. म्हातारे आधी आले. मग बायका-पोरं आली. पण दगडूआण्णा घरीच. त्यांची कलमं लागून बसली होती, चारी काही येणार नव्हती, आणि सगळं गाव त्यांना त्यावरून चिडवत होतं. ते आले नाहीत तर पंगत अपुरी, असं सोपानदादांचं म्हणणं पडलं. मी निघाले, तर रुक्मिणी म्हणाली, “मॅडम, तुम्ही नका. मी जाते.” मी मागून गेलेच.

आण्णा ओट्यावर पाठ करून बसले होते. “आधी सांग,” ते म्हणाले, “चारी येनार का न्हाई?”

“न्हाई येनार, आण्णा.”

“मंग कलमं उपटू का?”

“उपटू नका. तुम्ही लावलेली जागा बराबर हाये. वढ्याच्या कापात आम्ही बघितलं, तिथं वरती हलकी माती हाये आन् खाली मुरूम. पाणी साचत न्हाई, निचरून जातं. खालच्या काळ्या रानात लावली असती तं मुळ्या कुजल्या असत्या. आता तुमच्या हिरीचं पाणी तेवढं द्या.”

आण्णांनी मान वळवली. “हे कालव्याचं बोलून राह्यली का भूगोलाचं?”

“भूगोलाचं.”

आण्णा उठले, टोपी झटकली, चपला शोधल्या. जाता जाता मला म्हणाले, “बाई, ही चारीबद्दल खरं बोलली, म्हंजी मातीबद्दलबी खरंच बोलत असंल.”

पंगत बसली आणि तेव्हा मला एकदम सुचलं. आमची पाहणी अर्धीच राहिली होती. लोकांना प्रश्न विचारायचे होते आणि गाव कधी नव्हे ते ओळीने, शांत, जागचं न हलता समोर बसलं होतं. मी पोरांना म्हटलं, वाढता वाढता विचारा. मग काय, एकाच्या हातात खिरीचा डोल, त्याच्या मागे दुसरा वही घेऊन. आजोबा, विहिरीला पाणी किती महिने असतं? काकू, सरपण कुठून आणता? मामा, बाजाराला कुठे जाता? जास्त बोलणाऱ्याला जास्त खीर. एका मुलीने आपल्या मनाने प्रश्न घातला, लेकी कुठं कुठं दिल्या? आणि पंगतीला असा रंग चढला की बायकाच उठून एकमेकींच्या लेकींची गावं सांगायला लागल्या. पुढे त्याचा आम्ही एक नकाशा केला. मधोमध हे गाव आणि तिथून सगळीकडे गेलेल्या रेघा, प्रत्येक रेघ म्हणजे एक सासर. गोदाकाठच्या बाजूला रेघांची दाटी झाली होती, कारण मेंढरांची वाट तिकडूनच जाते. वाटेवर ओळखी होतात, ओळखीतून सोयरीक. रुक्मिणीला तिच्या जूनमधल्या प्रश्नाचं थोडं उत्तर तिथे मिळालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो नकाशा बराच वेळ हातात धरला होता. वाघमारे सर शेवटपर्यंत म्हणत राहिले की तो नकाशा त्यांच्या विषयाचा आहे.

शेवटची पंगत उठल्यावर पहिल्या दिवशीचे ते म्हातारे सोपानदादांजवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “सोपाना, पोरीला धाडून दे कॉलेजला. हिसाब मिटला.” सोमवारी तिघीही वर्गात होत्या. तपासणी झाली, तुकडी राहिली.

पुढच्या जूनमध्ये पोरं माझ्या टेबलाशी येऊन दबक्या आवाजात विचारायला लागली, “मॅडम, ह्या विषयात जेवण असतं म्हणे?” मी सांगायची, असतं, पण आधी वाढावं लागतं. त्यानंतर आमच्या प्रत्येक पाहणीची सुरुवात पंगतीने झाली. गावं आपणहून बोलावू लागली. भूगोल खिरीवर जगला असं वाघमारे सर म्हणायचे आणि मी कधी ते नाकारलं नाही. चालायची सवय आहे का, हे मात्र त्यांनी विचारायचं सोडून दिलं.

सगळं गोड झालं असं नाही. रुक्मिणीबरोबरच्या दोघींपैकी एक बारावीच्या परीक्षेआधीच लग्न होऊन गेली. मी तिच्या घरीही गेले होते. तिथे पाणी मिळालं, उत्तर मिळालं नाही. अशा आणखीही आहेत, आणि जूनमध्ये टेबलाशी आलेले त्यांचे चेहरे मला नावांसकट आठवतात. पुढे नव्वदनंतर हुशार मूल म्हणजे सायन्स हे इतकं पक्कं झालं की निकालाच्या दिवशी जालन्याच्या गाड्या भरून जायच्या आणि आमच्या व्हरांड्यात उरलेलं यायचं. त्या उरलेल्यांनीच मला शिकवण्यातलं सुख दिलं, तरी वाईट वाटायचं ते वाटायचंच.

रुक्मिणी बी.ए. झाली, डी.एड. झाली, परतूरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. लग्न मग झालं, तिच्या पसंतीने. दगडूआण्णांची मोसंबी धरली. पहिल्या बहाराला त्यांनी एक टोपलं माझ्याकडे अंकुशनगरला पाठवलं, निरोपासकट, ‘चारीची मोसंबी हाये, बाईंना द्या.’ आण्णा गेले, त्यांची मुलं ती रीत पाळतात. दर बहाराला टोपलं येतं. गावाचं नाव का सांगत नाही ते आता वाचकांना कळलं असेल.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं त्या जूनमध्ये मी शेवटचं टेबल मांडलं. टेबलावर तोच गोल, आता कललेला. शेजारी माझ्याबरोबर एक तरुण सर बसले होते, माझ्यानंतर विषय त्यांच्याकडे जाणार होता, म्हणजे राहिला तर. त्या वर्षी नावं पुन्हा कमी पडत होती. वाघमारे सर आधीच निवृत्त झाले होते. माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. दुपार कलली तशी मी वह्या आवरायला घेतल्या.

तेवढ्यात काठी टेकत सोपानदादा आले. खांद्यावर घोंगडी होतीच. बरोबर एक मुलगी, उंच, सावळी, केस मात्र आखूड कापलेले. रुक्मिणीची लेक, आजोबांकडे राहून शिकणार होती. मार्क सायन्सला पुरून उरतील असे. तिने गोल हळूच एकदा फिरवला आणि तरुण सरांना विचारलं, “सर, ह्यात काय काय येतं?”

सर ताठ बसले. “प्राकृतिक भूगोल, मानवी भूगोल, आर्थिक...”

सोपानदादांनी काठी टेबलावर आपटली. “मास्तर, तुम्ही नवे हाव. लिहा पोरीचं नाव. ह्यात समदं येतं.” मग ते माझ्याकडे वळले. डोळ्यांना कमी दिसत असावं, कारण चेहरा अगदी जवळ आणून त्यांनी पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या माणसाचे आभार मी कधी मानलेच नव्हते, आणि आता मानायला गेले तर रडू येणार हे दिसत होतं. त्यांनी माझी अडचण ओळखली असेल किंवा नसेलही.

“बाई,” ते म्हणाले, “औंदा पंगत कोन्या गावात हाये?”